मोटारीचा सेन्सर लष्करी वाहनावर: काय तसेच ठेवावे आणि काय बदलावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. मोटारींसाठी लाखोंच्या संख्येने तयार होणारे रडार, लिडार (लेझर किरणांनी अंतर मोजणारे उपकरण), कॅमेरे आणि दाब, वेग, तापमान मोजणारे सेन्सर आता लहान, स्वस्त आणि भरवशाचे झाले आहेत. मग लष्करी वाहनांसाठी दरवेळी स्वतंत्र आणि कित्येक पट महाग सेन्सर विकसित करण्याऐवजी हेच का वापरू नयेत, आणि वापरायचे ठरवलेच तर त्यांत नेमके काय बदलावे लागेल? माझे मत असे आहे की ते जरूर वापरावेत. मात्र बदल कुठे करायचा याबद्दल बहुतेकांची पहिली समजूत चुकीची असते. ‘मोटारीचा सेन्सर नाजूक असतो, त्याला भक्कम धातूचा डबा केला की तो लष्करी झाला’ असे मानून काम सुरू होते आणि पैसा व वेळ त्या डब्यावरच खर्च होतो. प्रत्यक्षात सेन्सरचे यांत्रिक आणि इलेक्ट्रॉनिक अंग बरेचसे तयार असते. अडचण असते ती त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये बसवलेल्या गृहीतकांची. खाली सपाट डांबरी रस्ता आहे, आपण सतत लहरी सोडत राहिलो तरी कुणाचे बिघडत नाही, आणि शंका आली की गाडी थांबवणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग आहे, ही तीन गृहीतके लष्करी वापरात एकाच वेळी कोसळतात. म्हणून कोणताही सेन्सर निवडताना तो किती मजबूत आहे याआधी तो काय गृहीत धरून चालतो, हे विचारावे.

मजबुतीचा मुद्दा आधी संपवतो, कारण तो त्या मानाने सोपा आहे. मोटार उद्योगातील इलेक्ट्रॉनिक चिप एईसी-क्यू१०० या मानकाप्रमाणे तपासल्या जातात. त्यातील ग्रेड १ म्हणजे उणे ४० ते १२५ अंश सेल्सिअस आणि ग्रेड ० म्हणजे १५० अंशांपर्यंत. इंजिनाशेजारी वर्षानुवर्षे तग धरणारा सेन्सर उष्णतेला सहजासहजी भीत नाही. पूर्ण उपकरणाची कंपने, धक्के, धूळ, पाणी आणि वीजपुरवठ्यातील चढउतार यांची तपासणी आयएसओ १६७५० प्रमाणे होते. लष्करी बाजूला याच कामासाठी मिल-एसटीडी-८१० आहे. दोन्ही मानकांची तुलना केली तर बराच भाग एकमेकांवर बसतो. जो बसत नाही तो वेगळा काढावा आणि तेवढीच तपासणी नव्याने करावी, सगळी नव्हे. बुरशी, तोफेच्या माऱ्याचा धक्का, नदी ओलांडताना खोल पाण्यात बुडणे आणि दीर्घ साठवण हे साधारणपणे त्या उरलेल्या भागात येतात. सूर्यप्रकाशात तापलेल्या जाड पोलादी कवचाला चिकटून बसवलेल्या सेन्सरचे तापमान मात्र स्वतः मोजूनच पाहावे. मोटारीत त्याच सेन्सरला धावती हवा मिळते आणि त्याची उष्णता बाहेर टाकण्याची रचना त्या हवेवर विसंबून असू शकते. तासन्‌तास एका जागी उभ्या राहणाऱ्या वाहनावर ती हवा नसते.

हे तंत्रज्ञान एकाच दिशेने वाहत आलेले नाही, हेही लक्षात ठेवणे उपयोगाचे आहे. २००० साली कॅडिलॅक डीव्हिल या मोटारीत आलेली उष्णतेवर चालणारी रात्रदृष्टी रेथिऑन या संरक्षण क्षेत्रातील कंपनीच्या तंत्रज्ञानातून आली होती. उलट दिशेचे उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने घेतलेल्या चालकविरहित वाहनांच्या स्पर्धा. २००४ साली मोहावी वाळवंटातील सुमारे २४० किलोमीटरच्या मार्गावर सर्वांत पुढे गेलेले वाहन १२ किलोमीटरही पार करू शकले नाही. २००५ साली सुमारे २१२ किलोमीटरचा मार्ग पाच वाहनांनी पूर्ण केला, आणि त्यांत ओशकॉशचा टेरामॅक्स हा लष्करी ट्रकही होता. विजेत्या स्टॅनली या वाहनावर कारखान्यांतील यंत्रसुरक्षेसाठी बनवले जाणारे लेझर सेन्सर होते. एका वर्षात सेन्सरच्या भौतिक क्षमतेत क्रांती झाली नव्हती. सुधारला होता तो मिळालेल्या मोजमापांचा अर्थ लावण्याचा भाग. तयार सेन्सर आणि त्याच्या मागे आपल्या भूभागासाठी स्वतः लिहिलेले आकलन हीच विभागणी मला आजही योग्य वाटते.

आता गृहीतकांकडे येतो, आणि रडारपासून सुरुवात करतो. मोटारींचे पुढचे रडार साधारण ७६ ते ८१ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते. समोरच्या वस्तूचे अंतर आणि सापेक्ष वेग ते उत्तम मोजते. उंचीचा अंदाज मात्र जुन्या पिढीच्या रडारला जवळजवळ नसतो. त्यामुळे रस्त्यावरचे गटाराचे लोखंडी झाकण, डोक्यावरचा पूल आणि समोर उभी राहिलेली गाडी यांत त्याला फरक करता येत नाही. विनाकारण ब्रेक लागू नयेत म्हणून उत्पादकांनी एक व्यवहारी मार्ग काढला: जे स्थिर आहे त्याकडे बव्हंशी दुर्लक्ष करायचे, आणि जे हलते किंवा हलताना आधी दिसले होते त्याचाच पाठपुरावा करायचा. महामार्गावर समोरच्या गाडीमागे अंतर राखण्यासाठी हे चालून गेले. लष्करी वाहनापुढच्या जवळजवळ सर्व महत्त्वाच्या गोष्टी, म्हणजे धोंडे, पडलेली झाडे, अडथळ्याचे खांब, कोसळलेली भिंत, स्थिरच असतात. असे रडार तसेच बसवले तर ते वाहनाच्या मार्गातला धोंडा पाहते, त्याचे अंतर बरोबर मोजते आणि मग तो यादीतून काढून टाकते.

यात आणखी एक गुंता आहे, जो कागदावर पटकन दिसत नाही. वस्तू स्थिर आहे की हलती, हे ठरवण्यासाठी रडारला स्वतःच्या वाहनाचा वेग माहीत असावा लागतो, आणि मोटारीत तो चाकांच्या वेग-सेन्सरकडून येतो. समजा, चिखलात चाके २० किलोमीटर वेगाने फिरत आहेत आणि वाहन प्रत्यक्षात १२ च्या वेगाने सरकत आहे. समोरचा धोंडा १२ च्या वेगाने जवळ येतो. रडारच्या हिशेबाने तो २० ने यायला हवा होता. निष्कर्ष असा निघतो की तो धोंडा ८ किलोमीटर वेगाने आपल्याच दिशेने पुढे चालला आहे, म्हणजे समोर एक हळू जाणारे वाहन आहे! रणगाड्यासारख्या, लोखंडी पट्ट्यांवर चालणाऱ्या वाहनात तर प्रत्येक वळणच घसरण्यावर अवलंबून असते, त्यामुळे ही चूक अपवादाने नव्हे तर सतत घडते. उपाय दोन आहेत आणि दोन्ही एकत्र वापरावेत. जडत्वावर चालणाऱ्या मोजमाप-संचाकडून वाहनाचा खरा वेग घ्यावा, आणि रडारला मिळणाऱ्या असंख्य प्रतिध्वनींपैकी बहुसंख्य स्थिर जमिनीचेच असतात हे वापरून त्यांच्यावरूनच स्वतःचा वेग उलट काढावा. दुसरा मार्ग चाकांवर मुळीच अवलंबून नाही, म्हणून तो मला अधिक प्रिय आहे.

या दोन्ही उपायांसाठी एक पूर्वअट आहे. रडारने गाळून तयार केलेली ‘वस्तूंची यादी’ पुरत नाही, त्याआधीच्या टप्प्यावरील प्रत्येक प्रतिध्वनीची कच्ची नोंद मिळाली पाहिजे. अनेक मोटार-सेन्सर ती बाहेर देत नाहीत, कारण मोटार कंपनीला तिची गरज नसते आणि वायरिंगवरील भार वाढतो. खरेदीच्या पहिल्याच पत्रात ही मागणी करावी. कमी पल्ल्याचा पण कच्ची नोंद देणारा सेन्सर हा लांब पल्ल्याच्या बंद सेन्सरपेक्षा आपल्या कामाला नेहमीच अधिक उपयोगी पडतो. उंचीही मोजणारी नवी प्रतिमा-रडारे या दृष्टीने मोठी प्रगती आहेत, तरी त्यांचेही आतले गाळण तपासून घ्यावे लागते.

लिडार आणि कॅमेऱ्यांच्या बाबतीत सपाट रस्त्याचे गृहीतक वेगळ्या रूपाने समोर येते. मोटारीच्या सॉफ्टवेअरसाठी अडथळा म्हणजे रस्त्याच्या वर आलेली वस्तू. खाली गेलेली जमीन, म्हणजे चर, खंदक, ओढ्याचा काठ, हा अडथळा त्याला ठाऊकच नसतो. केवळ सॉफ्टवेअर बदलून हा प्रश्न पूर्ण सुटत नाही, कारण त्यामागे साधी भूमिती आहे. लिडार जमिनीपासून २.५ मीटर उंचीवर बसवला आहे आणि समोर ५० मीटरवर एक मीटर रुंदीचा चर आहे असे धरू. चराच्या जवळच्या आणि पलीकडच्या काठामध्ये लिडारला दिसणारा कोन जेमतेम ०.०६ अंश भरतो. दोन उभ्या किरणांमधले अंतर ०.२ अंश असेल तर तो चर दोन किरणांच्या मधल्या फटीत निघून जाण्याचीच शक्यता अधिक. हाच चर २५ मीटरवर आला की कोन सुमारे ०.२२ अंश होतो आणि एखादा किरण त्यात पडू लागतो. आता थांबण्याचे गणित पाहा. ताशी ५० किलोमीटर वेगात, सैल मुरमावर घर्षणांक ०.४ धरला, तर केवळ ब्रेकचे अंतर सुमारे २५ मीटर होते, आणि प्रतिक्रियेला अर्धा सेकंद लागला तर आणखी ७ मीटर. म्हणजे चर दिसू लागतो तेव्हा तो टाळण्याची वेळ निघून गेलेली असते.

अंतर दुप्पट झाले की हा कोन साधारण चौपटीने लहान होतो, आणि सेन्सरची उंची दुप्पट केली तर तो फक्त दुप्पट होतो. म्हणून लिडार शक्य तितका उंच बसवावा. पण उंच बसवलेला सेन्सर दुरून दिसतो, फांद्यांना अडकतो आणि वाहनाची छायाकृती वाढवतो. हा संघर्ष खरा आहे आणि तो वाहनाच्या आरेखनाच्या वेळीच सोडवावा लागतो, नंतर कंस (ब्रॅकेट) ठोकून नाही. रात्री उष्णता-कॅमेरा येथे मोलाची मदत करतो, कारण चराच्या आतील जमीन उघड्या पृष्ठभागापेक्षा हळू थंड होते आणि पुष्कळदा त्याच्या उबदार पट्टीवरून चर आधी कळतो. जिथे हे काहीच शक्य नसेल तिथे प्रामाणिक मार्ग एकच उरतो: सेन्सरला दिसते त्या अंतरानुसार वाहनाची वेगमर्यादा बांधून देणे.

गवताचा प्रश्न याच्या नेमका उलट आहे. कंबरेएवढे गवत लिडारला भिंतीसारखे दिसते, तर वाहन त्यातून सहज जाऊ शकते. लिडारचे काही किरण पात्यांमधून आत शिरतात आणि काही अडतात. एका भागातून किती किरण आरपार गेले याच्या प्रमाणावरून गवत आणि खडक यांत फरक करता येतो. पण त्यासाठी एकाच किरणाचे पहिले आणि शेवटचे असे दोन्ही परतावे, म्हणजे वस्तूंवर आपटून परत आलेले संकेत, मिळायला हवेत, फक्त सर्वांत तीव्र परतावा देणारा सेन्सर इथे निरुपयोगी ठरतो. धुरळ्यातही हीच सोय कामी येते. ७७ गिगाहर्ट्झच्या रडार लहरींची लांबी जवळपास ४ मिलिमीटर आहे, धुळीचे कण त्यापुढे नगण्य, म्हणून रडार धुरळ्यातून पार पाहते. लिडारचा प्रकाश सुमारे एक मायक्रोमीटरचा, त्यामुळे तो धुळीवर विखुरतो आणि पुढच्या वाहनाने उडवलेला लोट मागच्या लिडारला घन वस्तू वाटतो. ताफ्यात चालणाऱ्या वाहनांसाठी रडार आणि लिडार यांची जोडी म्हणूनच अनिवार्य समजावी. रडारला मात्र ओल्या चिखलाचा थर सोसत नाही, कारण पाणी या लहरी शोषून घेते. सेन्सरचे तोंड धुण्याची आणि पुसण्याची व्यवस्था ही चैनीची बाब नव्हे.

दुसरे गृहीतक उत्सर्जनाचे. मोटारीचे रडार इंजिन सुरू होताच लहरी सोडू लागते आणि कुणी ते बंद करण्याचा विचारही करत नाही. लष्करी वाहनाला मात्र मौन पाळता आले पाहिजे. येथे एक भौतिक विषमता आपल्या विरुद्ध काम करते. रडारचा संदेश वस्तूपर्यंत जाऊन परत येतो, म्हणून परतणारी शक्ती अंतराच्या चौथ्या घाताने घटते. दूर बसून नुसता ऐकणाऱ्या ग्राहकाकडे मात्र ती एकदाच प्रवास करते आणि दुसऱ्या घातानेच घटते. त्यामुळे जे रडार २०० मीटरवरची वस्तू पाहते, ते स्वतः त्याच्या कितीतरी पट अंतरावरून ओळखता येते. ७७ गिगाहर्ट्झवर हवेतील शोषण थोडे असल्याने हवेचेही संरक्षण मिळत नाही. ६० गिगाहर्ट्झच्या आसपास प्राणवायू दर किलोमीटरला सुमारे १५ डेसिबल शोषतो. मोटारींत आसनावरील माणसे ओळखण्यासाठी या पट्ट्यातील छोटी रडारे आता वापरात आली आहेत. वाहनाच्या अगदी जवळचा परिसर पाहण्यासाठी, जिथे पल्ला लागत नाही तिथे, ती विचारात घेण्याजोगी आहेत.

लिडारचेही तसेच. स्वस्त लिडार ९०५ नॅनोमीटरवर चालतात, आणि रात्रदर्शी दुर्बिणींची संवेदनशीलता साधारण ९०० नॅनोमीटरच्या आसपास संपत असली तरी एकदम शून्य होत नाही, त्यामुळे जवळच्या निरीक्षकाला लिडारचे चमकणे दिसू शकते. १५५० नॅनोमीटरचा लिडार या दुर्बिणींना दिसत नाही आणि डोळ्यांच्या सुरक्षेच्या मर्यादेत अधिक शक्ती वापरू देतो. पण पाणी हा प्रकाश अधिक शोषते, आणि लघु-अवरक्त कॅमेऱ्यांना तो व्यवस्थित दिसतो. म्हणजे ‘अदृश्य लिडार’ असे काही नसते, कुणापासून अदृश्य हे ठरवून निवड करावी लागते.

उत्सर्जनाचा सर्वांत दुर्लक्षित स्रोत म्हणजे टायरमधील हवेचा दाब सांगणारा सेन्सर. तो रेडिओवरून ठरावीक अंतराने स्वतःचा विशिष्ट क्रमांक पाठवत राहतो. रटगर्स आणि साउथ कॅरोलायना विद्यापीठांतील संशोधकांनी २०१० साली दाखवून दिले की हे संदेश कूटबद्ध नसतात आणि सुमारे ४० मीटरवरून वाचता येतात. रस्त्याकडेला ठेवलेल्या ग्राहकाला कोणते वाहन केव्हा गेले हे कळावे, एवढी माहिती त्यात असते. लष्करी वाहनात धावता धावता टायरची हवा कमी-जास्त करणारी यंत्रणा बहुधा असतेच आणि ती दाब स्वतः मोजते. मग हा रेडिओ सेन्सर काढून टाकावा. बाकीच्या सर्व सक्रिय सेन्सरसाठी एकच मौन-स्विच असावा, आणि तो सॉफ्टवेअरला विनंती करणारा नसावा, थेट वीज तोडणारा असावा. झोपेच्या आदेशानंतरही काही रडार स्वतःची जुळणी तपासण्यासाठी अधूनमधून लहर सोडू शकते, आणि पुरवठाच तोडल्याशिवाय त्याची खात्री देता येत नाही. सक्रिय सेन्सर बंद असताना वाहन केवळ कॅमेरे आणि उष्णता-कॅमेऱ्यांवर किती वेगाने चालू शकते, याची चाचणीही वेगळी घ्यावी.

वीजपुरवठ्याबाबत थोडक्यात. मोटार १२ व्होल्टची असते आणि तिच्या सेन्सरला अल्टरनेटरवरील भार अचानक सुटला तरी साधारण ३५ व्होल्टपर्यंत रोखून धरलेला व्होल्टेजचा उसळा सोसावा लागतो. लष्करी वाहन २८ व्होल्टचे, आणि मिल-एसटीडी-१२७५ प्रमाणे त्यात ५० मिलिसेकंदांपर्यंत टिकणारे १०० व्होल्टचे उसळे आणि त्याहून क्षणिक असे २५० व्होल्टचे टोक गृहीत धरावे लागते. यासाठी सेन्सर उघडू नये. प्रत्येक गटासाठी एक चांगला वीज-शुद्धीकरण संच मध्ये बसवावा, म्हणजे सेन्सर बदलला तरी तो तसाच राहतो.

रेडिओतील व्यत्यय मात्र थोडक्यात आटोपण्यासारखा विषय नाही. लष्करी अतिउच्च वारंवारतेचे रेडिओ ३० ते ८८ मेगाहर्ट्झमध्ये बोलतात. मोटारींतील वीज-रूपांतरक रेडिओच्या मध्यम लहरींना त्रास होऊ नये म्हणून पुष्कळदा मुद्दाम २.२ मेगाहर्ट्झवर चालवतात. अशा रूपांतरकाचा गोंगाट त्या वारंवारतेच्या पटींवरही उमटतो; तिची चौदावी पट ३०.८ मेगाहर्ट्झ होते आणि तिथून पुढच्या सगळ्या पटी नेमक्या आपल्या रेडिओच्या पट्ट्यात ओळीने उतरतात. मोटारीतील १०० मेगाबिट इथरनेटच्या संकेतांचा दर ६६.६७ मेगाहर्ट्झ आहे, आणि ती केबल मोटारीत वजन व खर्च वाचवण्यासाठी बिनआवरणाची असते. अँटेना त्या केबलपासून मीटरभरावर असेल तर दूरच्या, क्षीण संदेशाचा पल्ला घटतो. चालकाला यातले काही कळत नाही, फक्त ‘रेडिओ हल्ली नीट लागत नाही’ अशी तक्रार येते. म्हणून सेन्सर चालू आणि बंद अशा दोन्ही स्थितींत, वाहनाच्या स्वतःच्या अँटेनावर, सर्व वाहिन्यांचा गोंगाट मोजून तुलना करावी. प्रयोगशाळेतील सुट्या सेन्सरच्या उत्तीर्ण प्रमाणपत्रावर विसंबू नये. आवरणयुक्त केबल, तिचे दोन्ही टोकांना पूर्ण घेराने अर्थिंग आणि रूपांतरकावर गाळणी एवढ्याने बहुतेक वेळा भागते.

कंपनांच्या बाबतीत चाकी वाहन मोटारीच्या जवळचे, पट्ट्यांचे वाहन अगदी वेगळे. पट्ट्याच्या एका कडीची लांबी सुमारे १५ सेंटिमीटर असेल तर ताशी ३० किलोमीटरला दर सेकंदाला ५५ कड्या चाकाखालून जातात आणि ताशी ६० ला ११०. म्हणजे वेग बदलत जाईल तसा एक तीव्र, शुद्ध सूर ५५ ते ११० हर्ट्झमधून सरकत जातो, आणि वाटेत कुठेतरी त्याची गाठ सेन्सरच्या कंसाच्या नैसर्गिक वारंवारतेशी पडते. मोटारीची कंपन-चाचणी विस्कळीत, सर्व वारंवारतांत पसरलेल्या कंपनांची असते. ती उत्तीर्ण झालेला कंस इथे तडकतो. कंस ताठ करून त्याची वारंवारता या टप्प्याच्या वर न्यावी. मऊ रबरी बैठक वापरण्याचा मोह टाळावा, कारण सेन्सर डोलला की त्याची दिशा बिघडते, आणि ५० मीटरवर अर्ध्या अंशाची चूक म्हणजे सुमारे ४४ सेंटिमीटर.

बसवण्याच्या जागेबद्दल एवढेच सांगतो की मोटारीचे रडार प्लॅस्टिकच्या बंपरमागे लपलेले असते, आणि त्या प्लॅस्टिकची जाडी त्याच्या आतील अर्ध्या तरंगलांबीच्या पटीत ठेवलेली असते. पोलादामागे रडार चालत नाही, म्हणून त्याला खिडकी द्यावी लागते. त्या खिडकीवर कुणी छलावरणाचा रंग दिला, विशेषतः धातूची भुकटी असलेला, तर रडार अर्धे आंधळे होते. ‘येथे रंग देऊ नये’ ही सूचना देखभाल-पुस्तिकेत आणि खिडकीच्या चौकटीवर, दोन्हीकडे हवी. कॅमेरा चिलखती काचेमागे ठेवला तर त्या जाड, अनेक थरांच्या काचेचा हिरवट रंग आणि वक्रता लक्षात घेऊन जुळणी त्या काचेसकट करावी, आणि काच बदलली की पुन्हा करावी.

तिसरे गृहीतक मला सर्वांत गंभीर वाटते: बिघाड झाला की थांबणे सुरक्षित. मोटारीत सेन्सरने शंका घेतली की इंजिनाची शक्ती कमी केली जाते. अपघाताचा धक्का जाणवला की इंधनाचा पुरवठा तोडला जातो, म्हणजे आग लागत नाही. रस्त्यावर हे अगदी बरोबर आहे. सुरुंगाचा स्फोट सोसलेल्या वाहनाला मात्र त्या क्षणी तिथून निघून जायचे असते, आणि स्फोटाचा धक्का त्या सेन्सरला अपघातासारखाच वाटतो. ज्या यंत्रणेने माणसे वाचवायची तीच त्यांना गोळीबाराच्या जागी अडकवून ठेवते. आयएसओ २६२६२ या कार्य-सुरक्षेच्या मानकात धोक्याची पातळी ठरवताना इजेची तीव्रता, प्रसंगाची वारंवारता आणि चालकाला सावरता येण्याची शक्यता यांचा विचार सार्वजनिक रस्ता डोळ्यांपुढे ठेवूनच केलेला असतो. म्हणून पुरवठादाराने दिलेले सुरक्षा-प्रमाणपत्र खोटे नसते, पण ते आपल्या प्रश्नाचे उत्तर नसते. विश्लेषण नव्याने करावे आणि त्यात ‘वाहन थांबले’ हाही एक धोका म्हणून लिहावा.

इंधनाचे उदाहरण याच जातीचे आहे. युरोपातील रस्त्यावरच्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दशलक्षात १० भागांपेक्षा अधिक असू शकत नाही. अनेक सैन्ये जमिनीवरील वाहनांतही एफ-३४ हे विमानाचे इंधन वापरतात आणि त्यात गंधकाची कमाल मर्यादा ०.३ टक्के, म्हणजे दशलक्षात ३,००० भाग आहे. एवढ्या गंधकाने धूर शुद्ध करणारी उत्प्रेरके निकामी होतात, नायट्रोजन ऑक्साइडच्या सेन्सरचे आकडे भरकटतात, आणि संगणक प्रामाणिकपणे इंजिनाची शक्ती कमी करतो. सेन्सर बिघडलेला नसतो, त्याच्यावर लादलेले इंधन चुकीचे असते. धुराच्या उत्सर्जन-नियमांतून लष्करी वाहनांना जिथे सूट आहे तिथे ही साखळी मुळातूनच वगळावी. जिथे नाही, तिथे वाहनप्रमुखाच्या हाताशी एक युद्धकालीन ओव्हरराइड स्विच असावा, जो सर्व शक्ती-कपाती रद्द करतो, इंजिन खराब होईल हे मान्य करतो आणि केव्हा वापरला याची नोंद ठेवतो. हा स्विच नंतर जोडलेली पळवाट नसावी. इंजिन-नियंत्रकाच्या पुरवठादाराशी बसून, कोणते संरक्षण सोडायचे आणि कोणते, उदाहरणार्थ तेलदाबाचा इशारा, फक्त दिव्यापुरते ठेवायचे, हे एकेक करून ठरवावे.

जाळ्याच्या सुरक्षेबद्दल. बॉशने १९८६ साली जाहीर केलेली कॅन ही मोटारीतील संदेशवाहिनी पाठवणाऱ्याची ओळख विचारत नाही. वाहिनीवर आलेला संदेश खराच मानला जातो. २०१५ साली दोन संशोधकांनी जीप चेरोकी गाडीच्या मनोरंजन-यंत्रणेतून मोबाइल जाळ्यामार्गे आत शिरून इंजिन आणि ब्रेकपर्यंत पोहोचून दाखवले, आणि त्यानंतर सुमारे १४ लाख वाहने दुरुस्तीसाठी परत बोलवावी लागली. लष्करी वाहनात बाहेरच्या जाळ्याशी जोडणारा मोबाइल संच काढून टाकावा हे सर्वांना पटते. पण सेन्सरच्या फर्मवेअरची, म्हणजे त्यात कायम बसवलेल्या सॉफ्टवेअरची, दूरस्थ अद्ययावतता, ब्लूटूथचे सुप्त अंग, आणि कारखान्यातील निदानासाठी उघडे ठेवलेले दार यांकडे पाहायचे राहून जाते. सेन्सरचे जाळे आणि वाहनाचे मुख्य जाळे यांच्या मध्ये एक द्वारपाल-संगणक असावा, जो फक्त ठरलेल्या प्रकारचे संदेश ठरलेल्या दिशेने जाऊ देतो. नाटोचे स्टॅनॅग ४७५४ हे वाहन-रचनेचे मानक माहितीचे स्वरूप निश्चित करते. द्वारपालापलीकडे माहिती त्या स्वरूपात द्यावी, म्हणजे उद्या सेन्सर बदलला तरी बदल द्वारपालापुरताच राहतो.

तो बदल होणारच. मोटारीचा एखादा सेन्सर काही वर्षेच उत्पादनात असतो, लष्करी वाहन तीस-चाळीस वर्षे सेवेत राहते. आपली मागणी शेकड्यांत, मोटार कंपनीची लाखांत, त्यामुळे आपल्यासाठी उत्पादन चालू राहील अशी अपेक्षा ठेवू नये. उत्पादन बंद होताना एकदाच मोठा साठा घेणे हा उपाय मर्यादित आहे. वाहनाच्या अर्ध्या आयुष्याला पुरेल एवढाच साठा घ्यावा आणि उरलेल्या काळासाठी बदलाची जागा, म्हणजे बसवण्याचा कंस, कनेक्टर, वीज आणि माहितीचे स्वरूप, आपल्या ताब्यात ठेवावी. साठवलेल्या सेन्सरमधील रबरी सील आणि काही धारित्रे (कपॅसिटर) न वापरताही जुनी होतात, म्हणून साठ्यातील काही नग दरवर्षी काढून तपासावेत.

याहून अधिक फसवा असतो तो न दिसणारा बदल. भाग-क्रमांक तोच, बाहेरून सेन्सर तोच, पण मधल्या काळात फर्मवेअर बदललेले असते. मोटार कंपनीच्या दृष्टीने ती सुधारणा असते, कदाचित स्थिर वस्तू आणखी काटेकोरपणे गाळणारी. खरेदी-करारात फर्मवेअरची आवृत्ती गोठवण्याची, किंवा निदान बदलाची आगाऊ लेखी सूचना देण्याची अट घालावी. त्याच्या जोडीला आपल्या भूभागावर नोंदवलेल्या कच्च्या माहितीचा एक संग्रह कायम ठेवावा, ज्यात धुरळा, उंच गवत, चर, चिखल, पाऊस आणि रात्र यांतील प्रसंग असतील. ही नोंद आकलनाच्या सॉफ्टवेअरला जुन्या उत्तरांशी पडताळून पाहायला पुरते. सेन्सरच्या आतल्या फर्मवेअरसाठी मात्र नव्या खेपेतला एक नग प्रत्यक्ष चाचणी-मार्गावर न्यावा, तोच धोंडा आणि तोच चर त्याच अंतरांवरून दाखवावा, आणि जुन्या नगाशेजारी बसवून दोघांच्या नोंदी ओळीने जुळवाव्यात. या जुळणीवर सही झाल्याशिवाय ती खेप एकाही वाहनावर चढू नये.